औषध आहे, लाज नाही

छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोतल्या कुठल्याही सुखवस्तू घरात डोकावा. टीव्हीखालच्या कप्प्यात रक्तदाब मोजायचे डिजिटल मशीन हमखास सापडेल. ते आजोबांसाठी घेतलेले असते. सकाळी चहाआधी आजोबांच्या दंडाला पट्टा लागतो, आकडा वहीत उतरतो आणि तो जरा वर सरकला की मुलगा ऑफिसातून दोनदा फोन करतो. त्याच घरात सून आठव्या महिन्यात असते. तिचे डोके तीन दिवसांपासून ठणकत असते, बोटातली अंगठी निघत नसते, सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असतो. कप्प्यातले ते मशीन काढून एकदा तिचाही दाब पाहावा, हे घरातल्या एकाही शहाण्या माणसाला सुचत नाही. तिच्या वाट्याला बामची डबी येते आणि एक वाक्य येते: ‘या दिवसांत असं व्हायचंच.’

या वाक्याने किती बायका स्मशानात आणि कबरस्तानात पोहोचवल्या याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. दप्तरात रोगाचे नाव असते. ज्यांनी रोगाला वाढू दिले त्यांची नावे नसतात. आज ती नावे घ्यायची आहेत. ती शोधायला लांब जावे लागणार नाही. ती आपल्याच घरात, गल्लीत, गावात आणि दवाखान्यात आहेत.

आधी रोग समजून घेऊ, कारण ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब शिल्लक ठेवायची नाही.

दिवस राहिल्यावर पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, वळणदार रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. त्या रुंद झाल्या की वारेला भरपूर रक्त मिळते. काही जणींत हे काम अर्धवट राहते. मग उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडते की साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. त्यातून दाब वाढतो, मूत्रपिंडातून प्रथिने लघवीवाटे गळतात, यकृताला इजा होते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, मेंदूवर सूज येते आणि शेवटी झटके येतात. झटक्यांआधीच्या अवस्थेला डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, झटके आले की एक्लॅम्प्सिया. खेड्यात तिला आकडी म्हणतात. जगात शंभर गरोदर स्त्रियांमागे दोन ते आठ जणींना प्री-एक्लॅम्प्सिया होतो, आणि साधारण सात मातामृत्यूंमागे एक मृत्यू गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकारांनी होतो.

या रोगाचा कावा असा की सुरुवातीला तो दुखत नाही. बाई चालते, फिरते, धुणे धुते, भाकऱ्या थापते, आणि आत दाब चढत असतो. म्हणून त्याचे निदान तक्रारीवरून करायचे नसते, मोजून करायचे असते. बाईला पाच मिनिटे स्वस्थ बसवा, पाठ टेकू द्या, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि दंडाच्या जाडीला साजेसा पट्टा बांधा. वीस आठवड्यांनंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० भरला, आणि चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तेवढाच आला, तर गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाचे निदान झाले. लघवीत कागदी पट्टी बुडवली की प्रथिने जातात का ते कळते. १६०/११० हा आकडा दिसला तर उद्यावर ढकलायला जागा नाही. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचे आणि तासाभराच्या आत औषध सुरू करायचे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

उपचारही गूढ नाहीत. लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही गरोदरपणात चालणारी रक्तदाबाची औषधे आहेत. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे. रोगाचे मूळ वारेत असल्यामुळे खरा उतारा बाळंतपण हाच, आणि ते केव्हा करायचे हे दिवस आणि दाब पाहून तज्ज्ञ ठरवतो. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला ३७ आठवड्यांपुढे ताटकळत ठेवायचे नसते. प्रकृती फारच बिघडली तर त्याआधीही बाळ बाहेर काढावे लागते. ज्यांना धोका जास्त त्यांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिली तर धोका कमी होतो. धोका जास्त कुणाला, हे ओळखायला स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेने गुणांचा तक्ता पुढे आणला आहे. पहिलटकरीण, वय फार कमी किंवा फार जास्त, रक्त कमी, मधुमेह, जुळे, आई-बहिणीला हाच त्रास, मागच्या खेपेला हाच त्रास, अशा गोष्टींना एक, दोन किंवा तीन गुण द्यायचे. बेरीज तीन झाली की सावध व्हायचे. त्याला यंत्र लागत नाही. लिहिता-वाचता येणारी आणि बाईशी दोन शब्द बोलायची तयारी असलेली व्यक्ती पुरते.

आता तारखा पाहा. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची पद्धत इटलीच्या रिव्हा-रोचीने १८९६ मध्ये दिली. स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये सांगितली. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याने घटतो हे ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीने २००२ मध्ये सिद्ध केले. आणि हे ज्ञान सातासमुद्रापारचे म्हणून लांबचे, असे म्हणायचीही सोय नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात ८९४ स्त्रियांवर एक चाचणी झाली. दाब धोकादायक चढलेल्या स्त्रियांना शिरेतून औषध देण्याऐवजी वरच्या तीन औषधांपैकी एकाच्या साध्या गोळ्या तोंडाने दिल्या. तिन्ही गटांत चारपैकी तीन किंवा त्याहून अधिक जणींचा दाब सहा तासांत आटोक्यात आला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निष्कर्ष जगाला सांगितला. सरकारी दवाखान्यात आलेल्या आपल्याच बायाबापड्यांनी जगाला हे ज्ञान दिले. त्यांच्या मराठवाड्यातल्या बहिणींपर्यंत ते वेळेत पोहोचत नसेल, तर अडसर अज्ञानाचा नाही. अडसर आपला आहे.

पहिला आरोप घरावर.

आपल्याकडे गरोदर बाईचे कौतुक भरपूर होते, तिची चौकशी होत नाही. डोहाळे पुरवतात, झोपाळ्यात बसवतात, फुलांचे दागिने घालतात, ओटी भरतात. तिने ‘डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं होतंय’ म्हटले की मात्र सासू सांगते, ‘आम्ही नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचला.’ ज्या वेचता वेचता गेल्या त्या हे सांगायला उरल्या नाहीत, हे सासूच्या लक्षात येत नाही. पायावरची सूज पाहून शेजारणी पैज लावतात, मुलगा की मुलगी. बाई जास्त वेळ पडून राहिली तर नाटके करते. दवाखान्यात न्यायचे तर ‘मालक येऊ द्या’. मालक संध्याकाळी येतो, रात्री गाडी मिळत नाही, सकाळी अमावस्या असते. आकडी आली तर तिच्यावरून लिंबू उतरवले जाते, कुणी दर्ग्यावर नेते, कुणी देवऋष्याकडे. अंगारा लागतो, ताईत बांधला जातो, आणि मेंदूत रक्तस्राव व्हायला पुरेसा वेळ निघून जातो.

मग माहेरपण. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जिव्हाळ्याची चाल. मुलीला हक्काची विश्रांती मिळावी हा तिच्यातला भाव चांगलाच आहे. पण वेळ पाहा. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण उरकून लेक वैजापूरहून जालन्याला किंवा वाळूजच्या खोलीतून परभणीच्या खेड्यात जाते. हा रोग डोके वर काढतो तो बहुधा याच महिन्यांत. सासरच्या आशाताईच्या यादीतून तिचे नाव सुटते, माहेरच्या आशाताईच्या यादीत ते चढायला महिना जातो. माता बाल संरक्षण कार्ड सासरी कपाटात राहते. बरोबर साड्या येतात, लाडू येतात, पाळण्यासाठी आणलेले मऊ दुपटे येते. पहिल्या तिमाहीत तिचा दाब किती होता हे सांगणारा एकुलता एक कागद मात्र येत नाही. तो आकडा नसला की आज दिसणारा १४० जुना आहे की गरोदरपणातून उपजला, हे नव्या डॉक्टरला कळायचे कसे? पाठवणी करताना ओटीत नारळ घालायला विसरत नाही, तसे कार्डही विसरू नये, एवढी साधी सुधारणा आपल्याला शंभर वर्षांत सुचली नाही.

दुसरा आरोप लग्नमंडपावर.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते, बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास, आणि ज्याला आपण मराठवाड्याची राजधानी म्हणवतो त्या आपल्या जिल्ह्यात ३५ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे तिघींतली एक. कोवळे वय आणि पहिले गरोदरपण, दोन्ही या रोगाला आमंत्रण देणारी, आणि आपण ती एकाच पत्रिकेवर छापतो. वर ही मुलगी लहानपणापासून शेवटच्या पंगतीला जेवलेली असते. रक्त अंगात असायला हवे तेवढे नसते.

बालविवाहाला बंदी करणारा कायदा २००६ चा आहे. गावात तो राबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, त्याच्या जोडीला अंगणवाडीताई आहे. तरी लग्न लागते. मंडपवाल्याला मुलीचे वय ठाऊक असते, आचाऱ्याला ठाऊक असते, मंगलाष्टके म्हणणाऱ्या भटजीला आणि निकाह पढवणाऱ्या काझीला ठाऊक असते, अक्षता टाकायला आलेल्या आमदाराच्या माणसालाही ठाऊक असते. मी आणि तुम्हीही अशा लग्नात आहेर देऊन जेवून आलो आहोत.

खरी हलकटगिरी पुढे आहे. मुलीला दिवस जातात, आणि तेव्हा घरच्यांना कायदा आठवतो. अठराच्या आतली मुलगी गरोदर दिसली तर पोक्सो कायद्याप्रमाणे दवाखान्याला पोलिसांना कळवावे लागते. म्हणून नोंदणीच टाळली जाते. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोट लपेनासे झाले की तिला आणतात आणि कार्डावर वय सांगतात एकोणीस. कायद्याचा धाक लग्नाआधी वाटत नाही, दिवस गेल्यावर वाटतो, आणि त्याची शिक्षा भोगते ती मुलगी. तोवर पहिल्या तिमाहीतला दाब मोजायचा राहिलेला असतो, अ‍ॅस्पिरिन सुरू करायची वेळ टळलेली असते, आणि खोट्या वयामुळे धोक्याच्या तक्त्यातला एक गुणही चोरीला गेलेला असतो.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, दहा दिवसांत मूल गेले, आणि त्या दुःखातून ही मुलगी अमेरिकेला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषयही बाळंतपणच होता. तिच्या नावाने आपण पुरस्कार देतो, तिच्यावर चित्रपट काढतो, शाळेत तिची वेशभूषा करून मुली उभ्या करतो. त्यातल्याच एखाद्या मुलीला दहावीनंतर शाळेतून काढून बोहल्यावर उभी करताना आपल्या कपाळावर आठी पडत नाही.

तिसरा आरोप पोटाच्या धंद्यावर.

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको म्हणून ती स्वतंत्र कुणी नाहीच, ती अर्धा कोयता आहे. उचल आधीच खर्ची पडलेली असते. खाडा केला तर पैसे कापले जातात. पहाटे फडात शिरायचे, मोळ्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, रात्री पाचटाच्या कोपीत येऊन चूल पेटवायची. अशा बाईला सातव्या महिन्यात डोके दुखते म्हणून कोण थांबवणार? गावच्या उपकेंद्राच्या लेखी ती ‘स्थलांतरित’, कारखान्याच्या भागातल्या उपकेंद्राच्या लेखी ती ‘आपल्या यादीत नाही’. दोन्ही वह्यांत तिच्यापुढे रेघ. साखर गोड लागते तेव्हा त्या रेघेचा विचार कोण करतो?

वाळूज-चिकलठाण्यातल्या कंत्राटी कामगार बाईची गोष्ट फार वेगळी नाही. प्रसूती रजेचा कायदा १९६१ मध्ये झाला, २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची. हे सारे हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी. जिचे नाव ठेकेदाराच्या खिशातल्या डायरीत आहे तिने पोट दिसू लागले की काम गमवायचे, किंवा ओढणीआड ते लपवून उभ्याने पॅकिंग करायचे.

१९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले. आपण विद्यापीठाच्या नामांतरासाठी लढलो, ते योग्यच होते. पण ज्या आईच्या विश्रांतीसाठी ते बोलले तिला शंभर वर्षांनी एक खाडा सुटत नाही, याची लाज जयंतीच्या डीजेत बुडून जाते.

चौथा आरोप दवाखान्यावर, आणि तो सौम्य करायचे कारण नाही.

गरोदर बायांची कार्डे गोळा करून पाहा. पुष्कळ कार्डांवर प्रत्येक भेटीपुढे एकच आकडा दिसतो: १२०/८०. दर महिन्याला, न चुकता, न बदलता. जिवंत माणसाचा दाब असा कधीच वागत नाही. एवढा शिस्तशीर दाब फक्त न मोजलेला असतो. मशीन बिघडलेले, सेल संपलेले, रांगेत साठ बाया, एक सिस्टर, वर मोबाइलवर भरायची माहिती. कारणे खरी आहेत. पण रिकामा रकाना प्रामाणिक असतो, तो पुढच्या डॉक्टरला सावध करतो. खोटा १२०/८० त्याला गाफील करतो. सिस्टरला सेल पुरवायचे नाहीत आणि अहवाल मात्र शंभर टक्के मागायचा, हे ज्या कार्यालयात ठरते तिथला अधिकारी त्या खोट्या आकड्याचा खरा लेखक आहे.

पुढचा गुन्हा रेफर नावाचा. सोयगाव अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, जिल्ह्याच्या टोकाला. कन्नड, वैजापूर, सिल्लोड, कुठूनही बाई निघाली तरी तिची शेवटची पायरी घाटी. १९५६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्यापर्यंतच्या गरिबांचा भार वाहते. खासगीत जी हाताबाहेर गेली ती घाटीला, जिचे पैसे संपले ती घाटीला. रुग्णवाहिका १०८ वर फोन केला की येते, मोफत येते. पण त्या गाडीत बसवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा असतो. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी तो द्यायची मुभा उपकेंद्रातल्या एएनएमलाही दिली आहे. तरी ‘आपल्या हातून काही व्हायला नको’ म्हणून नुसती चिठ्ठी हातात देऊन बाईला रस्त्याला लावले जाते. वाटेत झटका येतो. चिठ्ठीवर किती दाब होता, कोणते औषध दिले, केव्हा दिले, यांतले काही नसते. एक शब्द असतो, ‘रेफर’. ही चिठ्ठी बाईला वाचवायला लिहिलेली नसते, लिहिणाऱ्याला वाचवायला लिहिलेली असते.

शहरातल्या चकचकीत दवाखान्यांनी यावर मान डोलावू नये. ज्या बाईला आधीपासून रक्तदाब आहे तिच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. त्या वेळीच बदलायला हव्यात. लग्न झालेल्या तरुण बाईला त्या लिहून देताना मुलाचा विचार आहे का, एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट शुल्काच्या पावतीत बसत नाही काय? आणि कळांनी तळमळणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ असे विचारणारे प्रसूतिगृह जोवर आहे, तोवर गरीब बाई डोके दुखले तरी तिथे पाऊल टाकायला भिणारच. अपमानही उशीर घडवतो, आणि या रोगात उशिराचे दुसरे नाव मरण.

कुणी म्हणेल, महाराष्ट्राचे बरे चालले आहे की. खरे आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३. हे यश आशाताई, सिस्टर आणि सरकारी डॉक्टर यांच्या घामाचे आहे, त्यांना सलाम. पण राज्यात वर्षाला अठरा-वीस लाख जन्म धरले तर ३३ या इवल्याशा आकड्यातून सहाशेच्या आसपास आया निघतात. सरासरी ही सुखी माणसाची उशी झाली आहे. त्या सहाशे जणी सरासरीत राहत नाहीत. त्या तांड्यावर, वस्तीवर, कोपीत आणि एमआयडीसीलगतच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. ज्या वाचतात पण मूत्रपिंड, दृष्टी किंवा पोटातले बाळ गमावून वाचतात, त्या तर या आकड्यातही नाहीत.

पाचवा आरोप तुमच्या-माझ्यासारख्या वाचणाऱ्यांवर.

आपल्या शहरात गर्भसंस्काराचे वर्ग जोरात चालतात. बाळ पोटात असताना श्लोक ऐकवले की ते बुद्धिमान होते, अमुक सूप प्यायले की गोरे होते, असे पैसे घेऊन शिकवले जाते. संगीत ऐकून आईला बरे वाटत असेल तर जरूर ऐकावे. पण जिथे दोन तास पोटातल्या बाळाच्या बुद्धीची काळजी वाहिली जाते, तिथे आईच्या दंडाला दोन मिनिटे पट्टा बांधला जात नसेल, तर तो संस्कार कुणावर चालला आहे? बाळ हा वारस, आई हे भांडे, हाच ना तो विचार? फक्त आता तो वातानुकूलित सभागृहात शिकवला जातो. डोहाळेजेवणाच्या फोटोंवर हजारो रुपये उधळणारे, नक्षत्र साधावे म्हणून सिझेरियनचा मुहूर्त काढणारे सुशिक्षित, दाब चढला म्हणून डॉक्टरने ‘आज बाळ बाहेर काढू’ म्हटले की पंचांग उघडतात आणि विचारतात, ‘गुरुवारपर्यंत थांबता नाही का येणार?’ खेड्यातल्या देवऋष्याला हसण्याचा अधिकार यांनी कुठून मिळवला?

आणि बाळंतपणानंतर? मूल जन्मले की आईचे काम संपले, असे आपण धरून चालतो. सारे घर पाळण्याभोवती गोळा होते. दाब मात्र बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा उसळी मारू शकतो, झटके त्यानंतरही येऊ शकतात, आणि सहा आठवड्यांपर्यंत सावध राहावे लागते. नेमक्या त्या दिवसांत बाळंतीण अंधाऱ्या खोलीत शेकशेगडी घेत पडलेली असते. डोके दुखते म्हटले की ‘वारं लागलं असेल, कान बांध’ असे उत्तर मिळते. एवढ्यावरही तिचा हिशोब मिटत नाही. ज्या बाईला प्री-एक्लॅम्प्सिया झाला तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. तिने दरवर्षी दाब तपासायला हवा. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की आपल्या आईला आपल्या वेळी दाब चढला होता का? विचारलेच नाही कधी.

तेव्हा आता काय करायचे ते स्पष्ट सांगतो. त्यासाठी क्रांती लागत नाही.

दिवस राहिल्याचे कळताच, बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. लपवाछपवी नाही, खोटे वय नाही. पहिल्याच भेटीत दाब, लघवी, रक्त आणि धोक्याचा तक्ता. पुढच्या प्रत्येक भेटीत दाब, आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. मोजल्याशिवाय सिस्टरने आकडा लिहू नये. तिने लिहिला तर बाईने ‘ताई, पट्टा बांधा आधी’ म्हणावे, आणि नवऱ्याने तिच्या बाजूने उभे राहावे. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, २०१६ पासून होते. त्या दिवशी कामावरून सुट्टी घेऊन बायकोबरोबर जाणारा नवरा गावात चेष्टेचा विषय होऊ नये, आदर्श व्हावा. माहेरी जाताना कार्ड पहिल्यांदा पिशवीत. दवाखाना कोणता, गाडी कुणाची, रात्री पैसे कुणाकडून, हे सातव्या महिन्यातच ठरवा. बाईला दवाखान्यात जायला कुणाचीही परवानगी लागणार नाही, असे घरातल्या कर्त्याने चारचौघांत जाहीर करावे.

सरपंचांनी ग्रामसभेत विचारावे, आपल्या उपकेंद्रातले दाबाचे मशीन चालू आहे का, मॅग्नेशियम सल्फेट शिल्लक आहे का, त्याची मुदत कधी संपते. पाण्याच्या टाकीचा प्रश्न विचारता तसाच विचारा. साखर कारखान्यांनी आपल्या फडावरच्या गरोदर बायांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राला द्यावी, आणि त्यांच्या खाड्याचे पैसे कापणाऱ्या मुकादमाला ऊस मिळू नये. डॉक्टरांनी रेफरच्या चिठ्ठीवर दाब, औषध, वेळ आणि स्वतःचे नाव लिहावे. अठराच्या आतल्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण आले तर अक्षता घेऊन जाऊ नका, १०९८ वर फोन करा.

आणि यापुढे आपल्या गल्लीत किंवा गावात एखादी गरोदर बाई झटके येऊन गेली, तर ‘देवाने नेली’ असे म्हणू नका. देवाला यात ओढू नका, त्याने मशीनही दिले होते आणि औषधही. मातीला जाल तेव्हा तिच्या घरच्यांना, तिच्या डॉक्टरांना आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: नऊ महिन्यांत तिचा दाब किती वेळा मोजला? उत्तर देताना माना खाली गेल्या, तर तो मृत्यू नव्हे, आपण सगळ्यांनी मिळून केलेला खून आहे.